प्लॉट नंबर चौदा

कार्डावर एक्केचाळीस होतं.
मी उलटं वाचलं की घाईत वाचलंच नाही,
आज सांगता येणार नाही.
शिरोलीच्या फाट्यावर उतरले तेव्हा पावणेनऊ.
आत्यानं पास झाले म्हणून घेतलेल्या चपला,
अजून तेल न मुरलेल्या,
अख्ख्या एमआयडीसीला ऐकू जातील अशा करकरत होत्या.

गेटवरच्या माणसानं विचारलं, बीएस्सी?
म्हटलं, हो.
मग पळा की वो, ट्रायल थांबलीया!

मी पळाले.
जिथं जायचं होतं तिथं डिस्पॅचच्या पावत्या लिहायच्या होत्या,
इथं कुणीतरी माझ्या हातात वाळू ठेवली.
काळी, ओली, कोमट.
केमिस्ट शनिवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेला होता,
न सांगता.
टेबलावर त्याचा स्टीलचा डबा राहिला होता
आणि रीडिंगची वही,
एस. व्ही. कुंभोजे,
अक्षर असं की छापून घ्यावं.

शिकलगार मामांनी मूठ आवळून उघडली.
वाळूत त्यांची बोटं उमटली, चारी,
तळहाताच्या रेघासुद्धा.
म्हणाले, साडेतीन टक्के पाणी हाय बग,
तुझं मशीन काय म्हणतंय?
मशीन म्हणालं, तीन पूर्णांक चार.
मामा मशीनकडं बघून म्हणाले,
बरं हाय, शिकंल हळूहळू.

तीन ठोके देऊन नमुना ठासायचा,
काढायचा, दाबायचा, फुटतो कधी ते लिहायचं.
कॉलेजात असलं काही शिकवलं नव्हतं.
मी वही मागं चाळून कुंभोजेंचं बघून बघून केलं.
दुपारपर्यंत अकरा नमुने.
कानात भट्टीचा आवाज,
टाचेला नव्या चपलेचा फोड.

चारला मगदूम साहेब आले.
तुला कुणी पाठवलं?
मी कार्ड दिलं.
त्यांनी कार्ड पाहिलं, मग वही, मग परत कार्ड.
एक्केचाळीसवाले किती देणार होते?
बाराशे.
आम्ही अठराशे देऊ.
पण आकडे उलटे वाचायचे नाहीत.

घरी सांगितलं तेव्हा आई आधी घाबरली,
पोलीस येतील का म्हणाली.
आबा गुळाच्या अडतीत जन्मभर हिशेब लिहिणारे,
चूक सापडली की रात्रभर न झोपणारे,
त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला,
म्हणाले, उद्या बी त्याच गेटनं जा.
बरोबर गेट कुठलं ते कुणाला इचारू नगंस.

तरी आठवड्यानं मी एक्केचाळीसात जाऊन आले.
माफी मागावी म्हणून.
कारकून मान वर न करता म्हणाला,
ती जागा त्याच दिवशी भरली, बाई.
हायसं वाटलं
आणि थोडा रागही आला.

पहिल्या पगारातून बूट घेतले, बंद, पुरुषी,
पापाच्या तिकटीला दुकानदार दोनदा म्हणाला, भावासाठी का?

गणपतीच्या सुट्टीत कुंभोजे आले.
उंच, जरा वाकलेले, हातात पिशवी.
तिकडं जमलं नाही म्हणाले, कुणी विचारलं नव्हतं तरी.
वही उघडून बघितली.
एका सोमवारपासून पानावर अक्षर बदललं होतं,
त्यांच्या शेवटच्या ओळीखाली माझी पहिली,
तिरकी, खोडलेली.
बराच वेळ ते तिथंच थांबले.

मी खुर्चीवरून उठले.
बसा, बसा, म्हणाले ते,
रीडिंग चुकंल.

डबा कपाटात होता.
मी त्याच दिवशी घासून ठेवला होता.
आत काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही,
त्यांनीही विचारलं नाही.